हिरवा दिवा हवेबद्दल बोलत नाही

गॅस डिटेक्शन आणि व्हेंटिलेशन पॅनल (गळती ओळखून भोंगा वाजवणारं आणि पंखा सुरू करणारं कंट्रोल पॅनल) चालवण्याचे 'पाच सोपे नियम' असा एक मेसेज सध्या ऑपरेटर मंडळींत फिरतोय. हिरवा दिवा असेल तर हवा सुरक्षित. पंख्याचा 'रन' दिवा लागला की हवा खेळतेय. अलार्म झाला तर आधी रिसेट करून बघा, पुन्हा वाजला तरच बाहेर पडा. वास नसेल तर अलार्म खोटा. आणि महिन्यातून एकदा लायटरचा गॅस दाखवला की टेस्ट झाली. ही पॅनल बसवणं आणि त्यांची देखभाल करणं हेच माझं रोजचं काम. यातला एकही नियम जसाच्या तसा पाळू नका. तिसरा तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

म्यूट आणि रिसेट ही दोन बटणं शेजारी शेजारी असतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी. म्यूट फक्त भोंगा गप्प करतं. अलार्म तसाच राहतो, पंखा चालू राहतो. रिसेट मात्र अलार्मने धरून ठेवलेले रिले, म्हणजे पंखा वगैरे चालू ठेवणारे विजेचे स्विच, सोडतं. आता असं समजा, गळती झाली, पंखा आपोआप सुरू झाला आणि त्याने गॅस ओढून नेल्यामुळे रीडिंग खाली आलं. तुम्ही रिसेट दाबलंत. अनेक पॅनलमध्ये त्याच क्षणी पंखा थांबतो. गळती चालूच आहे. गॅस पुन्हा साठतो, सेन्सरपर्यंत पोहोचतो, मग सेन्सरला पूर्ण रीडिंग दाखवायला आणखी काही सेकंद लागतात. 'पुन्हा वाजतोय का बघू' म्हणून एवढा वेळ माणूस आत उभा! अलार्म झाला की आधी बाहेर पडायचं, बाकीच्यांना बाहेर काढायचं. पॅनल खोलीच्या बाहेर असेल तर तिथून आकडा टिपायचा, हवं तर म्यूट करायचं. गळतीचं कारण सापडून ती बंद झाली आणि हातातल्या मीटरने दारातूनच हवा तपासून ठीक निघाली, की मगच रिसेट.

आणखी एक, कारण मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. ज्वलनशील गॅस असेल तर आत जाऊन कुठलंही बटण दाबू नका, बंद असलेला पंखा हाताने सुरू करायला तर मुळीच जाऊ नका. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. पंखा पहिल्या अलार्मला, म्हणजे बहुतेक ठिकाणी त्या ५ टक्क्यांच्या दहाव्या-पाचव्या हिश्शालाच सुरू व्हावा अशी रचना असते, ती गॅस विरळ असतानाच निघून जावा म्हणून. खोली गच्च भरल्यावर साधा पंखा लावला तर दाट गॅस पातळ होता होता नेमका पेटण्याच्या पट्ट्यात येतो, आणि ठिणगी त्याच मोटरची मिळते.

आता हिरवा दिवा. पुष्कळ सेन्सर पॅनलला ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतात. ४ म्हणजे शून्य गॅस. वायर तुटली तर सिग्नल ४ च्या खाली जातो आणि पॅनल 'फॉल्ट' दाखवतं, इथवर ठीक. पण सेन्सरचं तोंडच बंद असेल तर? एका ठिकाणी रंगकाम झाल्यावर मी तपासणीला गेलो होतो. रंगाऱ्याने सेन्सर खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून चिकटपट्टी गुंडाळली होती. पिशवीवर रंगाचे शिंतोडे वाळलेले, आतून ओल धरलेली. पॅनलवर रीडिंग शून्य, दिवा हिरवागार. माणसाने सद्भावनेने केलेलं काम, आणि पॅनलला त्याचा पत्ताही नव्हता. सिलिकॉनचा स्प्रे जवळपास मारला तर उत्प्रेरकावर चालणारा, म्हणजे ज्वलनशील गॅस स्वतःच्या आत जाळून मोजणारा सेन्सर असाच मुकाट्याने मरतो. त्याला काम करायला ऑक्सिजनही लागतो, त्यामुळे गॅस फारच दाट झाला की त्याचं रीडिंग वाढण्याऐवजी उलट उतरू शकतं. हिरवा दिवा एवढंच सांगतो की वीज आहे आणि सर्किट जोडलेलं आहे.

'रन' दिव्याचंही तसंच. तो बहुतेक वेळा कॉन्टॅक्टरवरून, म्हणजे मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचवरून येतो. कॉन्टॅक्टर ओढला, दिवा लागला. बेल्ट तुटून मोटर नुसतीच फिरत असली तरी दिवा लागलेलाच! हवा खरंच वाहते का, हे डक्टमधला प्रेशर स्विच किंवा एअरफ्लो स्विच सांगतो. तो नसेल तर बसवून घ्या, तोवर जाळीपाशी कागदाची पट्टी धरून बघा.

वासाबद्दल फार बोलायला नको. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा असतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, तेव्हा तो वाढलेला असतो.

राहिला लायटर. दर महिन्याला टेस्ट करा, हे त्या मेसेजमधलं बरोबर आहे आणि त्याबद्दल मी भांडणार नाही. पण लायटरमधून जवळजवळ शुद्ध ब्युटेन थेट सेन्सरवर येतो. उत्प्रेरक सेन्सर त्या माऱ्याने बिघडू शकतो, आणि तो जिवंत आहे एवढं कळलं तरी ठरलेल्या पातळीला अलार्म देईल का, हे कळतच नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरची तर ही परीक्षाच नव्हे. ज्या गॅसचा सेन्सर, त्या गॅसचा प्रमाणित सिलिंडर, रेग्युलेटर आणि सेन्सरवर बसणारी टोपी वापरा. आकडा सिलिंडरवरच्या आकड्याशी ताडा, भोंगा वाजू द्या, पंखा स्वतःहून सुरू होतो का ते पंख्यापाशी उभं राहून बघा. शेवटी बायपास (टेस्टपुरती अलार्मची एखादी क्रिया अडवणारी जोडणी) काढा, सिलेक्टर स्विच 'ऑटो'वर आणा, आणि तो तिथे आहे हे पुढच्या शिफ्टच्या माणसाला दाखवून मगच लॉगबुकात सही करा.