‘निम्मा खर्च सरकार देणार’ या दाव्यात तथ्य किती?

अमेरिकेतील नोकरदार कुटुंबांमध्ये सध्या एक दावा जोरात फिरतो आहे: 2026 पासून मुलांच्या व परावलंबी व्यक्तींच्या सांभाळाचा निम्मा खर्च सरकार टॅक्स क्रेडिटमधून, म्हणजे करातून थेट वजा होणाऱ्या सवलतीतून, परत करणार, त्याचा सर्वाधिक लाभ कमी उत्पन्नाच्या घरांना होणार, कंपनीमार्फत मिळणारी 7,500 डॉलरची करमुक्त सोय वेगळीच, आणि म्हणून या टॅक्स क्रेडिटमध्ये आणखी वाढ मागण्याचे कारण उरलेले नाही. यातले आकडे कायद्यात सापडतात. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाहीत.

जुलै 2025 च्या कायद्याने क्रेडिटचा कमाल दर 35 वरून 50 टक्क्यांवर नेला, हे खरे; उत्पन्न वाढेल तसा तो घटतो. परंतु हा दर प्रत्यक्ष खर्चाला नव्हे, तर कायद्याने मान्य केलेल्या खर्चाला लागतो, आणि ती मर्यादा एका व्यक्तीसाठी 3,000 व दोन किंवा अधिक व्यक्तींसाठी 6,000 डॉलर अशी, 2021 चा अपवाद सोडल्यास, 2003 पासून तीच आहे. महागाईशी तिची सांगडच घातलेली नाही. एका बाळाच्या डे-केअरला वर्षाला 12,000 डॉलर मोजणाऱ्या, 35 टक्के दरात बसणाऱ्या दांपत्याला फार तर 1,050 डॉलर मिळतील, म्हणजे खर्चाच्या नऊ टक्क्यांहूनही कमी. मध्यमवर्गाचा काहीच फायदा नाही असे नाही: दोन मुले असलेल्या अनेक घरांसाठी कमाल रक्कम 1,200 वरून 2,100 डॉलर झाली आहे. पण याला ‘निम्मा खर्च’ म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

कमी उत्पन्नाच्या घरांविषयीचा दावा तर वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे. हे क्रेडिट देय करातूनच वजा होते. कर नसेल, तर हाती काहीच पडत नाही. दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या, वर्षाला 24,000 डॉलर कमावणाऱ्या आईचे उदाहरण घ्या. तिला 45 टक्के दर लागतो, म्हणजे कागदावर 2,700 डॉलरपर्यंत क्रेडिट. मात्र कुटुंबप्रमुख म्हणून तिला मिळणारी 2026 ची प्रमाणित वजावट 24,150 डॉलर आहे. त्यामुळे करपात्र उत्पन्न शून्य, कर शून्य आणि क्रेडिटही शून्य. पूर्ण 50 टक्के दर तर 15,000 डॉलरपर्यंतच्या उत्पन्नालाच आहे, जिथे प्राप्तिकर सहसा लागतच नाही.

कंपनीमार्फतची सोय, म्हणजे सांभाळखर्चासाठीचे करमुक्त खाते, ‘वेगळी’ही नाही. त्या खात्यातून करमुक्त वापरलेला प्रत्येक डॉलर क्रेडिटच्या खर्चमर्यादेतून वजा होतो. पूर्ण 7,500 वापरले, तर 6,000 ची मर्यादा संपते आणि क्रेडिट उरतच नाही. ‘परावलंबी व्यक्ती’ म्हणजे घरातील कोणतेही ज्येष्ठ, हा समजही चुकीचा आहे. ती व्यक्ती स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असावी लागते आणि वर्षातील निम्म्याहून अधिक काळ करदात्याच्याच घरी राहावी लागते. कायम नर्सिंग होममध्ये असलेल्या वडिलांचा खर्च यात बसत नाही.

राहिला वाढीची गरज नसल्याचा मुद्दा. 2021 या एका वर्षापुरती खर्चमर्यादा 8,000 आणि 16,000 डॉलर होती, दर 50 टक्के होता आणि कर शून्य असला तरी रक्कम परत मिळत होती. वरच्या उदाहरणातील आईने त्या वर्षी सांभाळावर 12,000 डॉलर खर्च केले असते, तर तिला 6,000 डॉलर मिळाले असते. 2025 च्या कायद्याने त्यातला दर तेवढा उचलला. वाढीव मर्यादा आणि परतावा दोन्ही वगळले.