हवा धरलीया!

आमची गाडी पुण्याहून निघाली की कराडपर्यंत तक्रारीला जागा ठेवत नाही. किणीच्या टोलनाक्यावर पैसे कापले जाईपर्यंतही दम धरते. मग नागाव फाट्याच्या आसपास, कोल्हापूरचं घर हाकेच्या अंतरावर आलं की प्राण सोडते. धूर नाही, वास नाही, तापमानाचा काटाही जागच्या जागी. नुसती बंद. अर्धापाऊण तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही!

परवाही तेच. सहापदरीकरणाच्या कृपेनं आधीच रस्त्याचा बोळ झालेला. त्यात मी गाडी कशीबशी ढकलत सर्व्हिस रोडला घेतली. मागच्या सीटवर आई. तेवढ्यात उसानं लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला आणि बरोब्बर आमच्या शेजारी थांबला. मागं हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हरनं आधी गाणं बारीक केलं, मग आरामात उतरला.

"काय झालंय पावणं?"

"गरम झाली की बंद पडते."

त्यानं बॉनेटमध्ये डोकावूनही पाहिलं नाही. "हवा धरलीया."

"अहो, पेट्रोलची गाडी आहे. हवा डिझेल इंजिनात धरते, डिझेलच्या नळीत अडकून बसते."

"पेट्रोलला काय नाक नसतंय व्हय? आमचा ह्यो कारखान्याच्या काट्यावर असाच बसायचा. नट ढिला केला, फस्सकन हवा गेली, हाणला स्टार्टर!"

"या गाडीला तसला नट नाही हो."

"नट नसूं दे. हवा असतीयाच."

आता याला काय सांगायचं? एव्हाना मागच्या दुचाकीवाल्यांनी ट्रॉलीतले ऊस उपसायला सुरुवात केली होती. ते बघून हा ओरडेल म्हणून मी वाट पाहतोय, तर यानं स्वतःच एक कांडं उपसलं, गुडघ्यावर मोडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. "खावा. तवर जाती हवा."

गर्दी वाढत गेली. एका काकांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायला सांगितलं. ते त्यांच्या फियाटला ठीक होतं, तिचा पंप इंजिनापाशी असायचा. आमचा पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडलेला. फडकं टाकायचं कुठं? पण मी बोलेपर्यंत आईनं काच खाली केली.

"गाव कुठलं रे बाळा?"

"वडगाव, मावशी."

झालं. आईचं माहेर वडगाव. तीन मिनिटांत दोन लग्नं, एक वाटणी आणि कुणाचीशी नणंद निघाली. ट्रॅक्टरवाला आता पाहुणा, म्हणजे त्याला काही बोलायची सोय उरली नाही. "बघ, तो सांगतोय ते ऐक जरा," आई मला म्हणाली. तोंडात ऊस होता म्हणून मी गप्प राहिलो.

पाहुण्यानं पेट्रोलच्या टाकीचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं, बॉनेटवर एक थाप मारली. "हाणा आता."

हाणला. गाडी सुरू! इतका वेळ उभी राहून ती थंड झाली होती, दुसरं काही नाही. पण हे ऐकणार कोण? माणसं त्याच्या पाठीवर थापा मारत होती.

खरा राग त्याच्यावर नाहीच. त्यानं निदान ऊस तरी दिला. राग आहे तो ज्याच्याकडे गेले वर्षभर गाडी नेतोय त्या गॅरेजवाल्यावर. २३० किलोमीटर धावून मरणारी गाडी हा गृहस्थ चौकापर्यंत फिरवून आणतो आणि "एक नंबर आहे साहेब" म्हणतो. एक नंबर असलेल्या गाडीचे प्लग बदलले, फिल्टर बदलला, वर बॅटरीही बदलायला लावली.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आजवर कुणी न विचारलेलं विचारलं. "बंद पडल्यावर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलतोय का?" नव्हता हलत. इंजिनाचे फेरे दाखवणारा तो काटा मेल्यासारखा शून्यावर पडून असायचा. मिस्त्री शेजारी बसले, निपाणीच्या रस्त्यानं गाडी बंद पडेपर्यंत पळवायला लावली, मग खाली वाकून बाटलीतलं पाणी एका अंगठ्याएवढ्या वस्तूवर ओतलं. गाडी सुरू. क्रँक सेन्सर! आतली तांब्याची बारीक तार तापली की जोड सोडते. मग पिस्टन कुठं आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळत नाही, आणि तो ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. थंड झालं की तार पुन्हा जुळते. म्हणून गॅरेजात पोचेपर्यंत सगळं आलबेल.

सेन्सर बॅटरीपेक्षा स्वस्त निघाला. ही बातमी घेऊन मी जुन्या गॅरेजवाल्याकडे गेलो. "नवी बॅटरी वाईट आहे का साहेब?" म्हणाला. वाईट नाही. पण जुनीही वाईट नव्हती, आणि ती कुठं गेली असं विचारलं की नेमका त्याला फोन येतो.