भुतांचं सोडा, सातबाऱ्याचं बोला

मालिकेत सगळं खोटं आणि सिनेमात सगळं खरं, असं ठणकावून सांगणारा एक तरी भाऊ प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे चतुर्थीला भजन आटपलं, उसळ वाढून झाली की तो सुरू होतो. चाकरमानी एका बाजूला, गाववाले दुसऱ्या. आणि दरवेळी गाडी येऊन थांबते ती २०१६ वर.

वर्षच तसं होतं म्हणा. १ जानेवारीला 'नटसम्राट', २९ एप्रिलला 'सैराट', दिवाळी सरताच 'व्हेंटिलेटर'. राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं ते आपल्या किनाऱ्यावरच्या 'कासव'ला, फक्त तो थिएटरात यायला २०१७ उजाडलं. आणि त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या एका खऱ्याखुऱ्या घरात 'रात्रीस खेळ चाले' ही भुताची मालिका सुरू झाली.

तेव्हा कोकणची बदनामी म्हणून विरोध झाला होता. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. करणीच्या संशयावरून भावकीत बोलणं बंद झालेली घरं आमच्याकडे आजही सापडतील. तरीही माझं मत असं की, भुताच्या त्या मालिकेत जेवढं खरं कोकण होतं तेवढं बिनभुताच्या दहा मालिकांत मिळून नसेल. घरचे कर्ते अण्णा जातात, पोरं जमतात आणि विषय निघतो जमिनीचा. इथल्या माणसाला यात काय समजावून सांगायचं? सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, त्यातला एक मुंबईत, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. वाटप होत नाही, म्हणून मे महिन्यात घर शाकारायचा खर्च कोणी करायचा यावर तीन-तीन पावसाळे निघतात आणि माजघरात टोप मांडून ठेवावे लागतात. त्या मालिकेतून भूत काढून टाका, भांडण जागच्या जागी उभं राहतं.

'व्हेंटिलेटर'चंही तेच. गणपती तोंडावर आलेत, म्हातारा अत्यवस्थ आहे आणि सगळ्यांच्या मनात सुतकाचा हिशोब चाललाय. हा हिशोब आपण कधी मोठ्याने बोलत नाही, पण करतो सगळेच. पडद्यावर तो ऐकल्यावर आमच्या आत्याने पदर तोंडाला लावला. हसू लपवत होती की लाज, देव जाणे.

आता मालिकावाल्यांच्या बाजूनेही थोडं. रोजची बावीस मिनिटं, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे दर आठवड्याला दोन तासांवर मजकूर, अख्खा एक सिनेमाच! त्यांच्याकडून 'कासव'मधल्या शांततेची अपेक्षा करणं अन्याय आहे. पण ज्याला पैसा लागत नाही ते तरी करा ना. कथा कोकणातली, महिना श्रावण, आणि खळ्यात शेवाळाचा टिपूस नाही. दोरीवरचे कपडे कडक वाळलेले. भातलावणीवरून आलेल्या बाईच्या पायाला चिखल्या नाहीत, टाचा गुलाबी. आत्याचं म्हणणं, "माका भूत चलात, पण त्या सुनेन एकदा तरी भांडी घासूक व्हयी."

आणि भाषा! वाक्याच्या शेवटी 'गो' लावला की झाली मालवणी. रत्नागिरीचा माणूस आणि सावंतवाडीचा माणूस एकसारखे बोलतात, हा शोध कोणी लावला?

यावर मालिकांची बाजू घेणाऱ्यांचं नेहमीचं अस्त्र म्हणजे दशावतार, आमचं रात्रभर चालणारं लोकनाट्य. "तिथे कुठे वास्तव असतं? बाकड्याचं सिंहासन, पुरुषाच्या अंगावर साडी, तरी तुम्ही पहाटेपर्यंत बसताच ना?" बसतो. कारण दशावतार 'हे तुमच्याच घरात घडतंय' असा दावा करत नाही. बाकड्यावर राजा बसला की आम्ही मुकाट्याने राजवाडा धरून चालतो. मालिका मात्र खरी पडवी, खरी चूल, खरा माड दाखवून भरवसा मिळवते आणि मग त्या चुलीपुढे सून शालू नेसून उभी करते. राग येतो तो या फसवणुकीचा.

दशावतारातले संवाद लिहून पाठ केलेले नसतात. कथानक ठरतं आणि राक्षस, राजा, राणी रंगमंचावर समोरच्याचं ऐकून तिथल्या तिथे उत्तर देतात. असे कलावंत कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात आजही रात्र रात्र उभे असतात. पुढची कोकणातली मालिका ठरवाल तेव्हा नोकराच्या आणि भटजीच्या दोन ओळींपुरतं नको, घरच्या कर्त्या माणसाच्या भूमिकेसाठी त्यांना बोलवा. मालवणी शिकवायला वेगळा माणूस ठेवावा लागणार नाही, तो खर्च वाचेल.