आधण, बर्फ आणि एकोणीस अंश

घरी बिअर बनवणाऱ्या माणसाकडे लोक ज्या आदराने पाहतात, तो खरे तर यीस्टला मिळायला हवा. बिअर यीस्ट बनवते. माणसाच्या वाट्याला येते ते आधी पाण्याला आधण आणणे, मग तेच आधण घाईघाईने निववणे, आणि त्यानंतर पंधरवडाभर ते ना धड तापू देणे, ना धड गार होऊ देणे. हा उद्योग मी डॅलसच्या एका उपनगरात करतो, जिथे जुलै-ऑगस्टमध्ये गराजमधला पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीत एखाद्या रात्री बागेतले नळ फडक्यात गुंडाळून ठेवावे लागतात. सरकारचा काही त्रास नाही. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर बिअर स्वतःपुरती बनवता येते. हवामानाने मात्र त्या कायद्यावर सही केलेली नाही.

तापवण्याचे साधन निवडणे त्यातल्या त्यात सोपे. १९ लिटर बिअर हाती यायची तर सुरुवातीला २६ लिटरच्या आसपास पाणी घ्यावे लागते, आणि अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी १५०० वॉटची कॉइल एवढ्या पाण्याला उकळी आणायला दीड तासाहून जास्त घेते; मधल्या वेळात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले बार्लीचे धान्य, ६५ ते ६८ अंशांवर तासभर भिजत ठेवायचे असते, ते वेगळेच. प्रोपेनचा बर्नर हा यावरचा रांगडा उपाय. तो इतका गुरगुरतो की शेजारी कुंपणावरून डोकावून चौकशी करतात, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने त्याला बंद गराजमध्ये घेता येत नाही, त्यामुळे वारा सुटला की त्याची आच भांडे सोडून अंगणाला लागते. मी शेवटी २४० व्होल्टवर चालणारी ५५०० वॉटची कॉइल घेतली. ती अर्ध्या तासात उकळी आणते, पण तिला लागणारे सॉकेट आमच्या घरात एकच आहे आणि त्यावर कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पूर्वापार हक्क आहे. शनिवारी सकाळी कपडे वाळणार की वर्ट, म्हणजे माल्टचे गोड पाणी, उकळणार, याचा निकाल बायको देते, आणि तो बहुधा कपड्यांच्या बाजूने लागतो. शिवाय कॉइलवर साखरेचा करपट थर धरतो. तो वेळीच सोडवला नाही, तर पुढच्या हलक्या पिवळ्या बिअरलाही तळाला लागलेल्या खिरीचा वास येतो.

उकळवणे निदान पैशांनी जमते. निववणे पैशांच्याही हाताबाहेरचे आहे, कारण उकळत्या वर्टमधून पन्नास फुटी तांब्याची नळी वेटोळी करून सोडली आणि तिच्यातून नळाचे पाणी खेळवले, तरी वर्ट नळाच्या पाण्यापेक्षा गार होऊ शकत नाही, आणि आमच्याकडे ऑगस्टमध्ये नळालाच तीस अंशांच्या आसपासचे पाणी येते. एका जाणकाराने प्लेट चिलर, म्हणजे पत्र्यांच्या थरांमधून वर्ट आणि गार पाणी शेजारी-शेजारी खेळवणारे यंत्र, सुचवला होता. तो मुठीएवढा असतो आणि काम झटक्यात करतो. पण त्याच्या पत्र्यांमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चोथा अडकतो, म्हणून तो उलटसुलट पाण्याने धुवायचा आणि वर ओव्हनमध्ये भाजायचा असतो. ज्या भांड्यात डोकावता येत नाही ते स्वच्छ आहे असे मानायला जी श्रद्धा लागते, ती माझ्या ठायी नाही. म्हणून मी नळीच ठेवली. चाळीस अंशांपर्यंत नळाचे पाणी, आणि पुढे कूलरभर बर्फात बुडवलेला छोटा पंप.

सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी हा सोहळा खुर्ची टाकून पाहिला. सगळे आटोपल्यावर त्या म्हणाल्या, “अहो जावईबापू, ही नळी आत जाताना काळपट होती आणि बाहेर आली ती लखलखीत. मग ते काळं गेलं कुठं?” वर्ट आम्लधर्मी असते, त्यामुळे तांब्यावरचा थर त्यात विरघळतो आणि तांब्याचा तेवढा अंश यीस्टला पोषकच ठरतो, हे मी त्यांना सविस्तर समजावले. “असेल,” एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नळी चिंच-मीठ लावून घासलेली मिळाली, आणि पुढच्या खेपेला पितांबरीची पाकिटे आणण्याचे आश्वासनही मिळाले.

खरी कसोटी पुढे असते. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे पिंपातले तापमान खोलीपेक्षा काही अंश वरच राहते. ते फार चढले तर बिअरला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास मारतो. पिंप एकोणीस अंशांवर राहावे यासाठी गराजमध्ये आडवा डीप फ्रीझर आहे आणि त्याला दोन सॉकेटांचा कंट्रोलर आहे: एकात फ्रीझरची पिन, दुसऱ्यात पिंपाभोवती गुंडाळायच्या पट्टा-हीटरची. कंट्रोलरच्या वायरचे टोक पिंपाला स्पंजच्या तुकड्याखाली घट्ट चिकटवावे लागते, नाहीतर ते हवेचे तापमान मोजते आणि कॉम्प्रेसर दिवसभर उठाबशा काढतो. एकोणीस अंशांवरचा फ्रीझर आतून घामाघूम होतो आणि त्याला बुरशी येते, म्हणून आत ठेवलेला ओल शोषणारा डबा अधूनमधून रिकामा करायचा. थंडीच्या दिवसांत तर या फ्रीझरमध्ये हीटर चालू असतो, ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगत नाही. “एवढा मोठा फ्रीझर आहे, तर पुरणपोळ्या आणि ओलं खोबरं त्यातच ठेवू या,” असे म्हणणाऱ्या प्रत्येक वहिनीला मात्र सांगावेच लागते.

आता मनात ग्लायकॉलचा चिलर आहे, म्हणजे न गोठणारा गार द्रव पिंपांत नळीने फिरवणारे यंत्र, ज्याने दोन पिंपे दोन वेगळ्या तापमानांना ठेवता येतात: एक एकोणीसला, दुसरे लागरसाठी, म्हणजे थंडाव्यात आंबणाऱ्या बिअरसाठी, दहाला. गराजमध्ये टेपने मापे घेत होतो, तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली.

“गारांच्या दिवसांत गाडी बाहेर आणि बर्फसुद्धा न करणारा फ्रीझर छपराखाली,” ती म्हणाली. “आता अजून काय आणतोयस?”

घरची बाटली दुकानातल्यापेक्षा निम्म्या किमतीत पडते, असे मी म्हणालो.

“मग गाडीच्या विम्याचा हप्तापण त्या बाटलीत धर,” ती म्हणाली, आणि ओले कपडे घेऊन सॉकेटकडे गेली.