उताऱ्यावरचं नाव पासपोर्टच्या रंगाने पुसत नाही

रविवारी सकाळी बेळगावजवळच्या येळ्ळूरहून मावशीचा फोन आला. "मंगळवारी उतारा घेऊन येतो, तू तेवढं हक्कसोडपत्र लिहून ठेव." आमच्याकडच्या बायका "येतो, जातो" असंच बोलतात, त्यात नवल नाही. नवल वाटलं ते तिच्या आवाजाचं. पंच्याहत्तरीला आलेली, नवरा गेल्यावरही शेत न विकलेली ही बाई घाबरलेली होती. कुणाचं हक्कसोडपत्र, विचारलं. तर तिच्या थोरल्याचं. तो कॅनडात असतो, गेल्या वर्षी त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं.

भजनी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी एक लांबलचक मेसेज टाकला होता. गेल्या महिनाभरात तो माझ्याकडेही चार ठिकाणांहून आला आहे, तेव्हा आपल्या भागात बहुतेकांनी वाचला असेल. त्यातले दावे थोडक्यात असे. परदेशी नागरिकत्व घेतलं की वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क संपतो आणि तो हिस्सा सरकारजमा होतो, म्हणून गेलेल्यांकडून ताबडतोब हक्कसोडपत्र करून घ्या. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते) म्हणजे दुहेरी नागरिकत्व, हे लोक बाहेर बसून इथे मत देतात. सीमाभागातली मराठी आधीच भेसळीची, बाहेर गेली की एका पिढीत मरते. पूर्वी आपली माणसं माती सोडत नव्हती, जागतिकीकरणाने सोडायला लावली. आणि शेवटी, माणूस एकाच ठिकाणचा असतो. जो गेला तो आपला राहिला नाही.

सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर बसून मी बावीस वर्षं कागद लिहितो. लोक बाँड रायटर म्हणतात. त्यामुळे जमिनीचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर मन दुखेल, या मुद्द्याने घरं फुटतील.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. वारसाचा पासपोर्ट कुठल्या देशाचा, हा प्रश्न तो कायदा विचारतच नाही. परदेशात राहणाऱ्याच्या मालमत्तेबद्दल बोलणारा कायदा म्हणजे १९९९ चा फेमा, परकीय चलनाचा कायदा. त्याचं कलम ६, पोटकलम ५ ज्याला शंका असेल त्याने स्वतः उघडून वाचावं. ते सांगतं की भारताबाहेर राहणारा माणूस भारतातली स्थावर मालमत्ता स्वतःकडे ठेवू शकतो आणि तिची विल्हेवाटही लावू शकतो, जर ती त्याने इथे राहत असताना मिळवलेली असेल, किंवा इथे राहणाऱ्या माणसाकडून त्याला वारशाने आलेली असेल. मावशीचे यजमान येळ्ळुरात जन्मले आणि येळ्ळुरातच वारले. त्यांच्याकडून मुलाला आलेला हिस्सा या कलमात जसाच्या तसा बसतो. सरकारजमा वगैरे काही होत नाही.

मग हे "सरकारजमा" आलं कुठून? मला वाटतं ते १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्यातून ओढून आणलं आहे. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर, जे पाकिस्तानचे किंवा चीनचे नागरिक झाले त्यांच्या इथल्या मालमत्तेसाठी तो कायदा होता. कॅनडा, जर्मनी, अमेरिकेतल्या पोरांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

एक अर्धं सत्य मात्र आहे आणि ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. परदेशात राहणारा भारतीय असो की ओसीआय कार्डवाला, त्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही. घर, फ्लॅट, बिगरशेती प्लॉट चालतो, शेत चालत नाही. बहुधा हेच कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि पुढे वाढवलं. पण आता नीट विचार करा. विकत नाही, बक्षीस नाही, म्हणजे शेत त्याच्याकडे यायची एकच वाट उरते, वारसा. आणि मेसेज नेमकी तीच वाट बंद करायला सांगतो! एकदा हक्कसोडपत्र नोंदवलं की उद्या भावाला पश्चात्ताप होऊन तो "घे बाबा तुझा हिस्सा" म्हणाला तरी त्याला तो विकताही येणार नाही आणि बक्षीसही देता येणार नाही. एका फॉरवर्डपायी घातलेली सही पोराला बापाच्या शेतातून कायमची बाहेर काढेल.

हे मी उगाच सांगत नाही. माझ्या टेबलावर असे कागद आले आहेत. आधी परदेशातल्या भावाचं हक्कसोडपत्र येतं, वकिलातीतून मुखत्यारपत्र मागवून. त्याला फोनवर सांगितलेलं असतं की नुसती औपचारिकता आहे. दोन वर्षांनी त्याच घरातून बहिणीचं येतं. तिला सांगतात, भावाने सोडलं, तू कशाला अडून बसतेस. बाई गुपचूप अंगठा टेकवते, आणि मी कागद लिहिलेला असतो. त्या प्रत्येक कागदाचं मला वाईट वाटतं. म्हणून हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, थांबा. तुमच्या घरात कुणाला खरंच हिस्सा सोडायचा असेल तर त्याने इथे येऊन, समजून, वकिलाला विचारून सोडावा. भीतीपोटी सोडू नये.

ओसीआयचं दोन वाक्यांत आटोपतो. घटनेच्या कलम ९ मध्ये आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्येही स्पष्ट आहे की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि २००५ च्या दुरुस्तीतून आलेलं ओसीआय कार्ड हा फक्त येण्याजाण्याचा, राहण्याचा कायमचा परवाना आहे, त्याने मत देता येत नाही की निवडणूक लढवता येत नाही. मतदान करू शकतो तो भारतीय पासपोर्ट ठेवलेला अनिवासी, आणि त्यालाही स्वतः इथे येऊन केंद्रावर उभं राहावं लागतं.

आता भाषेची भेसळ. हा शब्द वाचून माझं डोकं तापलं, कारण तो आपल्याच माणसाने आपल्यालाच लावला आहे.

सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन या दोन संशोधकांनी केला, तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, बाकीच्यांत बहुतेक मराठी, अशा भाषा शतकानुशतकं शेजारी नांदत होत्या. त्यांना दिसलं ते असं की या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. प्रमाण कन्नडमध्ये "हे माझं घर" एवढ्यावर भागतं, कुपवाडच्या कन्नडने मराठीसारखं "आहे"सुद्धा लावून घेतलं. आणि तरीही कुणी आपली भाषा सोडली नव्हती. रचना जुळल्या, शब्द मात्र प्रत्येकाने आपापले राखले, कारण घरात आपण कोण हे त्या शब्दांतून कळत होतं. शेजाऱ्याची बोलण्याची लकब उचलली म्हणून घरची भाषा संपत नाही, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. आणि तो अंतराच्या हिशेबाने तुमच्याआमच्या अंगणातला आहे.

अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे आपण कन्नडकडून घेतले. माझ्या शेजारी बसणारा कन्नड बाँड रायटर दिवसभर "उतारा", "तलाठी", "वारसा" म्हणतो, ते त्याला मराठीकडून मिळाले. तो घरी जाऊन कन्नडच बोलतो, मी मराठीच.

मावशीची कॅनडातली नात नऊ वर्षांची. आजीशी रोज व्हिडिओवर बोलते म्हणून तिचं बोलणं येळ्ळूरचं आहे. तिथल्या रविवारच्या मराठी वर्गात ती "मी उद्या येतो" म्हणाली, तर बाईंनी दुरुस्त केलं, "येते म्हण." पोरगी गोंधळली आणि तिने आजीला विचारलं, बरोबर कुठलं? मावशी म्हणाली, "वर्गात येते म्हण, माझ्याकडं येतो म्हण." पोरीला ते एका क्षणात कळलं. तिचा मोठा भाऊ मात्र मराठी समजतो आणि उत्तर इंग्रजीत देतो, तेही लपवत नाही. भाषा पातळ होते. मेसेजवाल्याचं तेवढं म्हणणं मी मान्य करतो, आणि त्याचं मला दुःख आहे. पण ती टिकते ती कुणीतरी रोज बोललं तर. "तू आता आमचा नाहीस" असं ऐकवल्यावर तो मुलगा ती बोलेल, असं कुणाला वाटतं का?

पूर्वी माणसं माती सोडत नव्हती, यावर फार लिहीत नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे, तो तिथे वाऱ्याने उडून पोचला नाही. मॉरिशसला गेल्या शतकाच्याही आधी कोकण-देशावरचे मराठी मजूर गेले, आणि आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आणि आपल्या बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. दुसऱ्या महायुद्धात या रेजिमेंटची पोरं इटलीत लढली, यशवंत घाडगे १९४४ मध्ये तिथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबईच्या गिरण्या, गोव्यातली कामं, आखाती देश, हे तर घरोघरचं आहे. माझा मावसभाऊही उद्यमबागच्या एका कारखान्यात लेथवर हात बसवून आधी दुबईला आणि मग कॅनडाला गेला.

राहिला शेवटचा दावा, माणूस एकाच ठिकाणचा असतो. हे वाक्य सीमाभागात कुणी कसं लिहू शकतं?

मावशीचं माहेर चंदगड तालुक्यातलं. ती जन्मली तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं आणि सगळंच मुंबई राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि एकटा चंदगड तालुका बाजूला काढून मुंबई राज्यात ठेवला. लग्न होऊन ती येळ्ळूरला आली तेव्हा ती परराज्यात आली होती. माझ्या आजोबांच्या कागदांवर मुंबई राज्य आहे, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर म्हैसूर, माझ्या दाखल्यावर कर्नाटक, कारण १९७३ मध्ये राज्याचं नाव बदललं. २०१४ मध्ये गावाचं नाव बेळगावचं बेळगावी झालं. तिघांपैकी एकानेही घर बदललेलं नाही, परसातली विहीरसुद्धा तीच. सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि या सगळ्या काळात आपण काय म्हणत आलो? कागदावर कुठलंही राज्य लिहा, आम्ही कोण हे त्या कागदावरून ठरत नाही. दर १ नोव्हेंबरला हेच म्हणत रस्त्यावर उतरलो. मग आता आपल्याच लेकराच्या हातात वेगळ्या रंगाचा पासपोर्ट आला म्हणून तो आपला नाही, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

गेलेल्यांपैकी काहींनी मागे वळून पाहिलं नाही, म्हातारी माणसं एकटी पडली, हे मी गल्लीगल्लीत बघतो. त्यांच्यावर राग येतो. पण तो राग त्या त्या माणसावर काढावा. सगळ्या गेलेल्यांची नावं उताऱ्यावरून खोडायचं ते कारण नाही.

मंगळवारी मावशी आली. साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीतून घडी केलेला उतारा काढला. तो सगळा कन्नडमध्ये, तिला कन्नड वाचता येत नाही. पण वारसा नोंदीनंतर त्यावर चार नावं चढली आहेत हे तिला पाठ आहे: पहिलं तिचं, मग थोरल्याचं, धाकट्याचं आणि मुलीचं. मी तिला कलम वाचून दाखवलं, दोनदा. ती गप्प ऐकत होती. मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे त्याचंच न्हवं?"

म्हटलं, त्याचंच.

तिने घडी घातली, पिशवीला गाठ मारली आणि धाकट्याला फोन लावून मला म्हणाली, "त्यालाबी सांग की हे सगळं. त्यानंच मला वाचून दाखवला हुता तो मेसेज."