गुरुजी, गव्हाला शेवटचा वाफा असतो

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला आठ दिवस लागले. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा वडील आठवले, आणि मग घाईत काही लिहावंसं वाटेना.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर गेमच्या नादात माझी दोन वर्षांची झोप कशी गेली, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर गुरुजींनी लिहिलं: ‘ताई, ही भरल्या पोटाची दुखणी आहेत. आमच्या भागात माणसं रात्रीच्या लाईटवर थंडीत दारं धरतात, पिकाला पाणी देतात, त्यांच्या झोपेवर कुणी लिहीत नाही. तुम्ही आळसाला आजाराचं नाव दिलंत, आता पोरं तेच कारण पुढं करतील. माझा नातू लातूरला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या तयारीला आहे, रात्री दोन-दोनपर्यंत गेम खेळतो. मोबाइल काढून घेतला तर दोन दिवस जेवला नाही. त्याला उपचार नको, इच्छाशक्ती पाहिजे.’

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलंत, माझ्या वडिलांच्या वयाचे आहात. म्हणून जे वाटतं ते सरळ लिहिते.

मी जिंतूर तालुक्यातल्या कोरडवाहू गावची. आमच्याकडे एक विहीर, दीड एकर गहू, बाकी हरभरा आणि तूर. तुम्ही लिहिलेली रात्रीची लाईट मी ऐकीव सांगत नाही. शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, अशी पाळी असायची. रात्रीच्या पाळीत आमचे दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) कानटोपी घालून, बॅटरी आणि खोरं घेऊन निघायचे. आई त्यांच्या पाठमोऱ्या उजेडाकडे दारातून बघत राहायची. तिला सापाची भीती. दादांना भीती डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळण्याची. पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी गव्हाला मुकुटमुळं फुटतात. त्या वेळचं पाणी चुकलं तर पुढं कितीही पाणी दिलं तरी उतारा भरून निघत नाही. म्हणून लाईट दोनला आली तर दोनला जायचं, तीनला आली तर तीनला. त्या झोपेवर कुणी लिहीत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे आणि त्याची मला लाज वाटते. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आली ती २०१७ मध्ये, आणि अजूनही कितीतरी गावांत माणसं रात्रीच रानात असतात.

मागच्या लेखात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. लिहायचा धीर झाला नव्हता.

२०११ चा जानेवारी. मी औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) खोली करून राहत होते. दिवसा एका ऑफिसात हिशेबाचं काम, रात्री एमपीएससीचा अभ्यास, असं घरी सांगितलेलं. अभ्यासासाठी दादांनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेऊन दिला होता. त्यावर मी शेतीचा एक गेम खेळत होते. पेरायचं, पीक तयार व्हायची वाट बघायची, वेळेवर काढायचं. पिकाची वेळ खऱ्या घड्याळावर चालायची. काही पिकं चार तासांत तयार व्हायची आणि वेळेवर काढली नाहीत तर वाळून जायची. मी रात्री अकराला पेरायचे आणि तीनचा गजर लावायचे. काढणी केली की रान मोकळं दिसायचं, म्हणून पुन्हा पेरायचे. तोवर शेजाऱ्यांच्या शेताला मदत करायची असायची. चार वाजायचे, साडेचार वाजायचे.

एका रात्री सव्वातीनला फोन वाजला. दादांचा. मी पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडून कुणी बोलेना, नुसता पाटातून पाणी चालल्याचा आवाज आणि चिखलात पाय बुडल्याचा. खिशातल्या मोबाइलचं बटण दाबलं गेलं होतं. मी चार-पाच वेळा ‘दादा, दादा’ केल्यावर त्यांना कळलं. म्हणाले, ‘जागीच हायस का गं? अभ्यास करायलीस?’

मी हो म्हणाले.

‘लई जागू नको. माझे दोन वाफे राहिलेत, झाले की मी बी जातो झोपायला,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुरुजी, त्या रात्री बाप आणि लेक दोघंही पिकासाठी जागे होते. त्यांना चार वाजता झोप लागली असणार. मला लागली नाही. त्या वर्षी माझी पूर्वपरीक्षा गेली. ती एकट्या गेममुळे गेली असं मी म्हणणार नाही, पण डोळे उघडे ठेवून पान वाचायचं आणि खाली आल्यावर वर काय होतं ते आठवायचं नाही, असे किती दिवस गेले ते मला माहीत आहे.

तुमच्या मुख्य मुद्द्याचं माझं उत्तर दादांच्या त्या वाक्यातच आहे. ‘दोन वाफे राहिलेत.’ रानातलं जागरण अंगावर येतं, माणूस झिजतो, पण त्या कामाला कड असते. शेवटचा वाफा भरला की मोटार बंद करायची आणि घरी यायचं. आणखी पाणी दिलं तर पीकच पिवळं पडतं. रानच सांगतं, आता पुरे. मी खेळत होते त्या गेममध्ये शेवटचा वाफा नव्हता. तो चुकून राहून गेला होता असं नाही, बनवणाऱ्यांनी तो ठेवलाच नव्हता. एक काम संपायच्या आत दुसरं अर्धं झालेलं असायचं, म्हणजे कुठेही थांबलं तरी काहीतरी अर्धवट सोडूनच उठावं लागे. अर्धवट टाकून उठू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. गेम त्याच चांगल्या सवयीला धरून माणसाला बसवून ठेवतो.

बक्षिसाचंही तसंच. माळेगावच्या जत्रेत सोरट (पैसे देऊन नशिबानं बक्षीस लागायचा खेळ) बघितलं असेल तुम्ही. दर वेळी बक्षीस लागलं असतं तर माणूस दोन-चार डाव खेळून उठला असता. कधीच लागलं नसतं तरी उठला असता. कधी लागतं, कधी नाही, म्हणून पाय निघत नाही. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात कबुतरांवर हेच तपासलं होतं: दाणा किती चोचींनंतर पडेल याचा नेम नसला की कबुतर सर्वांत चिकाटीनं टोचत राहतं. आजच्या बऱ्याच गेममधली बक्षिसाची पेटी याच नियमावर उघडते. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात धरल्या. एका बाजूला हिशेब करून बसलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर दमलेलं सतरा वर्षांचं पोर, आणि आपण पोराला विचारतो, तुझी इच्छाशक्ती कुठंय? सावकाराच्या कागदावर अंगठा देणाऱ्याला तुम्ही असं विचारलं नसतं, गुरुजी.

आता आजाराचं. इथे चूक माझी आहे. मागच्या लेखात मी ‘आजार’ हा शब्द सैलपणे वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण तिथली कसोटी कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचं स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणं, आणि यामुळे घर, शिक्षण, काम विस्कटून जाणं, तेही साधारणपणे बारा महिने. रात्री दोनपर्यंत खेळणारा प्रत्येक मुलगा त्यात बसत नाही. कदाचित मीही बसले नसते. पण झोप जायला आजाराचं नाव लागत नाही, ती त्याच्या कितीतरी आधी जाते.

आणि ती गेली की काय होतं, हे तुम्ही वर्गात बघितलेलंच असणार. सतरा-एकोणीस तास सलग जागं राहिलेल्या माणसाची काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असं संशोधकांना दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री एकला गेम खेळत बसलेला मुलगा आणि त्याच वेळी विहिरीच्या काठावर उभा असलेला शेतकरी, दोघांच्याही मेंदूची अवस्था ही. हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधातले आहेत असं मला वाटत नाही. दोघांचीही झोप कुणीतरी दुसऱ्याने आपल्या सोयीनं ठरवलेल्या वेळापत्रकात गेली.

तुमच्या नातवाबद्दल लिहिताना मला जपून लिहायला हवं, मी त्याला ओळखत नाही. पण लातूरच्या क्लासच्या भागात माझा भाचा दोन वर्षं होता, त्या खोल्या मी पाहिल्यात. दहा बाय दहा, एक कॉट, एक टेबल, भिंतीवर पिरियॉडिक टेबल. सकाळी लवकर क्लास, संध्याकाळी टेस्ट, नंतर मेस. रात्री अकराला अभ्यास संपतो तेव्हा गावाकडचे मित्र ऑनलाइन येतात. चौघांची टीम असते. एक डाव अर्ध्या तासाचा, आणि मध्येच उठलं तर उरलेले तिघं हरतात. भाचा मला म्हणाला होता, ‘मावशी, दिवसभरात माझं नाव घेऊन हाक मारणारे तेवढेच असतात.’ हे ऐकल्यावर मी त्याला रागवायचं सोडून दिलं.

त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा वाढायला लागतं, म्हणून दहाला अंथरुणात घातलं तरी डोळा लागत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची. सकाळच्या क्लासमुळे एक बाजू कापली जाते आणि गेममुळे दुसरी. आणि पोरं ज्यासाठी तिथे गेलीत ती स्मरणशक्ती झोपेतच पक्की होते. रात्री वाचलेलं जीवशास्त्र डोक्यात बसायचं काम झोपेच्या तासांत चालू असतं, नेमके तेच तास जातात.

मोबाइल काढून घेण्याबद्दल. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सहा ऑनलाइन कॉम्प्युटर गेम कायद्यानेच बंद केले होते. एवढी मोठी यंत्रणा, तरी मुलं मोबाइलवर गेली, आणि मोबाइल गेम त्या कायद्यात आलेच नाहीत. २०२२ च्या सुरुवातीला तो कायदा संपला. तुम्ही एकदा काढून घेतलात, तो दोन दिवस जेवला नाही. तुम्ही हे रागानं लिहिलंत, मला मात्र त्यात तुमची झोप उडालेली दिसली.

माझं कसं सुटलं ते विचाराल तर त्यात पराक्रम काही नाही. पाडव्याला गावी गेले, तीन दिवस लाईट आणि नेटवर्क दोन्ही नव्हतं. परत आले तर स्क्रीनवरचं सगळं रान वाळलेलं. मला हायसं वाटलं आणि मी ते पुन्हा पेरलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुसऱ्या गेमने पुन्हा धरलं, तेव्हा मात्र मी ठरवून काही केलं. गेम स्वतःहून थांबत नाही, तर थांबवणारं काहीतरी बाहेरचं हवं. मी रात्रीच्या जेवणानंतर खेळणं बंद करून जेवणाआधी खेळू लागले. ताट वाढलं की उठायचं. आई हाक मारते, भात निवतो, मागे कुणीतरी ताटकळत असतं, त्यामुळे उठणं होतं. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ. आणि झोपायला कितीही उशीर झाला तरी उठायची वेळ एकच. पहिला आठवडा फार जड गेला. दुसऱ्या आठवड्यात दहा वाजता जांभया यायला लागल्या.

नातवाला हे खोलीत एकट्याने जमेलच असं नाही. तुम्ही त्याच्या मित्रांशी बोललात तर जास्त होईल. चौघांनी मिळून साडेआठ ते साडेनऊ ठरवलं तर कुणालाच कुणाला सोडून उठावं लागत नाही. आणि तो महिनोन्‌महिने क्लास बुडवायला लागला, अंघोळ-जेवण सोडून बसला, चिडून अंगावर यायला लागला, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून अशाच मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग चालतो. आधी नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतून. तो तुमच्यासाठीही आहे.

दादांना मी त्या सव्वातीनच्या फोनची खरी गोष्ट तुमची प्रतिक्रिया आल्यानंतर, मागच्या रविवारी सांगितली. चौदा वर्षांहून जास्त काळ लोटला. ते आता दिवसा पाणी देतात, सौर पंप बसलाय. ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मला वाटलं हुतं, आपण दोघं बी जागं हाव, म्हणून बरं वाटलं हुतं.’

या रविवारी नातवाशी बोलाल तेव्हा किती वेळ खेळलास हे विचारू नका, गुरुजी. काल कुणाबरोबर खेळलास, ते विचारा. तो काय म्हणाला ते मला कळवा, मी वाट बघते.