मागच्या रिलीजला चालत होतं म्हणे

"अहो, हे मागच्या रिलीजला चालत होतं" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. मागचं रिलीज आणि आजचा दिवस यांच्यामध्ये हजारेक कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, पडलेले असतात आणि त्यातल्याच कुणीतरी एकाने महिन्याच्या रिपोर्टमधला शेवटचा दिवस गिळलेला असतो.

आता यावर कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्येच गिट बायसेक्ट नावाचा रामबाण उपाय आहे. एक चांगला कमिट सांगायचा, एक बिघडलेला सांगायचा, ते मधला काढून देतं, आपण चालवून बघायचं, गुड की बॅड बोलायचं, की उरलेल्यातले निम्मे बाद. हजार कमिट असले तरी 10 वेळा विचारून गुन्हेगार हजर. हे झालं कागदावर.

प्रत्यक्षात मधला म्हणून जो येतो तो नेमका कुणीतरी घरी पळताना ढकललेला असतो, बिल्डच होत नाही, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रामच तयार होत नाही. स्किप. त्याच्या शेजारचा पण स्किप. पुढचा बिल्ड होतो पण त्याला डेटाबेस जुना लागतो, तो उभा करेस्तोवर आपण नक्की काय शोधतोय हेच डोक्यातून गेलेलं असतं..

शहाणी माणसं म्हणतात बायसेक्ट रन वापर, स्क्रिप्ट दे, ती प्रत्येक वेळी आपोआप चालेल, तिच्याकडून 0 आलं की गुड, 1 आलं की बॅड, 125 आलं की स्किप, तू चहा पी. दिली. पण त्यात कोड तपासणारी आमची टेस्ट मूड असेल तेव्हाच पास होते, त्यामुळे बायसेक्टने पूर्ण आत्मविश्वासाने रीडमी या नुसत्या माहितीच्या फाइलीतलं स्पेलिंग सुधारणाऱ्या कमिटला दोषी ठरवलं. बिचारा!

शेवटी सगळं हाताने केल्यावर खरा सापडला. मेसेज काय, तर "किरकोळ बदल". बदललेल्या फाइली म्हणजे जवळजवळ अख्खा प्रोजेक्ट, कारण कुणाच्यातरी एडिटरने सगळे टॅब काढून स्पेस घातलेले, ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगणारं ब्लेम कुठल्याही ओळीवर लावा, नाव एकच! स्पेसचे फरक वगळून डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, काढला तेव्हा कुठे दिसलं, तारखेच्या तुलनेत 'लहान किंवा समान' होतं त्यातलं 'समान' उडालंय. एक चिन्ह हो, एक!

रिव्हर्ट मारायला, म्हणजे तो अख्खा कमिट उलटवायला गेलो तर नंतरच्या बदलांशी कॉन्फ्लिक्टचा पाऊस, म्हणून ते चिन्ह हातानेच टाकलं. आता दुसरीच एक टेस्ट फेल होतेय. मधल्या काळात कुणीतरी मन लावून लिहिलेली आहे आणि जुलै 30 दिवसांचा असतो यावर ती ठाम आहे.